आयात शुल्क (टॅरिफ) आणि जीएसटी, एकच समजताय का?

भोसरीत एका मित्राचं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. परवा चहा पिताना म्हणाला, "टॅरिफ काय न जीएसटी काय, खिसा आपलाच कापला जातो." खिसा कापला जातो हे खरंय, पण ते पैसे जातात कुणाकडे, फरक तिथे आहे.

जीएसटीचं सोपंय. स्टीलवर 18 टक्के, माल देशी असो नाहीतर चीनचा, इम्पोर्टवर तो आयजीएसटी म्हणून लागतो एवढंच. बिलावर छापून येतो आणि मित्राला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे स्वतःच्या मालावर भरायच्या जीएसटीतून तो वळता होतो. रिटर्न भरताना डोकं उठतं ते वेगळं.

आयात शुल्क फक्त बाहेरच्या मालावर. एप्रिल 2025 मधे सरकारने काही फ्लॅट स्टीलच्या (पत्रे, कॉइल वगैरे) आयातीवर 200 दिवसांसाठी 12 टक्के सेफगार्ड ड्युटी, म्हणजे देशी कंपन्यांना वाचवायला जादाचं आयात शुल्क, लावली. मित्र म्हणतो मी तर देशीच शीट घेतो, मला काय त्याचं? इथेच तर गोची आहे. समजा (आकडे नुसते उदाहरणाला) बाहेरचं शीट 50 रुपये किलो पडतंय, तर देशी कंपनीलाही तेवढ्यालाच विकावं लागतं नाहीतर गिऱ्हाईक पळतं, आणि ड्युटी लागून बाहेरचं 56 ला गेलं की देशीवाला 50 ला कशाला विकेल, तो आरामात 55 लावणार. हे जादाचे 5 रुपये बिलावर टॅक्स म्हणून दिसत नाहीत, त्यांचं क्रेडिट नाही आणि सरकारी तिजोरीतही जात नाहीत, थेट स्टील कंपनीच्या गल्ल्यात. जीएसटी निदान सरकारकडे तरी जातो, मग तो रस्त्यावर खर्च होतो का उद्घाटनाच्या मांडवावर हे भांडण निराळं.

म्हणून मुक्त बाजारवाले टॅरिफवर जास्त खवळतात. त्यांना कंपन्यांना दिलेलं सरकारी अनुदानही आवडत नाही, पण ते बजेटमधे आकडा म्हणून दिसतं, त्यावर भांडता येतं. चिनी माल स्वस्तात ओतला जातो हे स्टीलवाल्यांचं रडगाणं अगदीच खोटं नाही, पण स्टील बनवणारे मोजके आणि ते कापून-वाकवून पोट भरणारे भोसरी-चाकणमधेच किती बघा.

जुने पुणेकर दोन्हीला सरसकट जकात म्हणतात. पण 2013 च्या एप्रिलपर्यंत नाक्यावर ट्रक अडवून घ्यायचे ती जकात टॅरिफचीच चुलत बहीण, शहरात येणाऱ्या मालावर लागायची, शहरात बनलेला सुटायचा.

मित्राने सगळं ऐकलं न विचारलं, "मग या 5 रुपयांचं क्रेडिट कुठल्या रिटर्नमधे मागू?"