मेहेन: सूर्याला राखणारा साप आणि त्याच्या वेटोळ्यावरचा खेळ

इजिप्तचा साप म्हटलं की बहुतेकांना अपेपच आठवतो, सूर्याच्या होडीवर टपून बसलेला. पण त्याच कथेत मेहेन पण आहे आणि तो सूर्याच्या बाजूचा. राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यांत भिंतींवर बघा, सूर्यदेव रा रात्री होडीतून पाताळात चाललाय, डोकं मेंढ्याचं, आणि भोवती मेहेनचा विळखा. आमदुआत या रा च्या रात्रीच्या प्रवासाच्या ग्रंथात रात्रीच्या सातव्या तासाला अपेप वाट अडवतो, नेमका तिथेच मेहेन रा ला विळख्यात घेऊन सांभाळतो.

आता गंमत अशी की मेहेन नावाचा पटावरचा खेळ या चित्रांच्या दीडेक हजार वर्षं तरी आधीचा आहे. दगडाचा गोल पट, त्यावर वेटोळं घातलेला साप, डोकं बरोब्बर मधोमध आणि अंगावर कोरलेली घरं, ती पण प्रत्येक पटावर वेगवेगळी, फिक्स आकडा नाहीच. सक्कारा या इजिप्तमधल्या जुन्या दफनभूमीत जोसेर राजाचा अधिकारी हेसी-रा याचं थडगं आहे, पुरातत्त्वज्ञ क्विबेलने 1911-12 मध्ये खोदलेलं, तिथल्या चित्रात पटासोबत सोंगट्याही आहेत, तीन सिंह, तीन सिंहिणी आणि रंगीत गोट्या. थडग्यात दागिन्यांसारखा खेळाचा सेट ठेवायचा म्हणजे तो नुसता टाइमपास नसणार असं मला ठामपणे वाटतं, कारण पुढे शवपेट्यांवरच्या मंत्रांत मेहेनच्या आगीच्या वाटा येतात आणि मेलेल्याला त्या ओलांडून रा पर्यंत पोचायचं असतं.

आपल्याकडे लगेच सापशिडी आठवते पण संबंध काही नाही, तिथे साप खाली आणतो, इथे सापाच्या अंगावरूनच आत जायचं.

इजिप्तच्या इतिहासातल्या 'जुनं राज्य' या कालखंडाच्या शेवटी, इ.स.पू. 2200 च्या आसपास, इजिप्तमध्ये हा खेळ बंद पडला, 'सेनेत' नावाचा दुसरा पटावरचा खेळ मात्र चालू राहिला. देव मेहेन पण राहिला, वर लिहिलेली राजांच्या खोऱ्यातली चित्रं सगळी त्यानंतरचीच. सायप्रसमध्ये दगडांवर कोरलेले तसेच गोल पट सापडलेत, तिथे हा खेळ नंतरही बराच काळ टिकला.

नियम लिहिलेले कुठेच नाहीत. सुदानचे बग्गारा अरब वाळूत वेटोळं काढून तरसाचा खेळ खेळायचे, मधल्या विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, त्यावरून काहीजण मेहेनचे नियम बसवतात. पण मधे चार हजार वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे आज ऑनलाइन मिळणारे "मूळ नियम" जपूनच घ्या.