पीव्हीसीतील कॅल्शियम कार्बोनेट आणि सोयाबीन तेल

पीव्हीसी रेझिनमध्ये (पाइप-नळ्यांच्या प्लास्टिकचा कच्चा माल) घालायच्या खनिज भुकट्यांत कॅल्शियम कार्बोनेट आणि वनस्पती तेलांत इपॉक्सीकृत सोयाबीन तेल सर्वाधिक वापरतात. कारखान्यात पहिल्याला नुसते ‘कॅल्शियम’ म्हणतात. मात्रा १०० भाग रेझिनमागे किती भाग, अशी मोजतात.

कॅल्शियम स्वस्त पडते हे खरे, पण किलोवर केलेला हिशेब फसवतो. रेझिनची घनता १.४, कॅल्शियमची २.७. त्यामुळे १० भाग घातल्यावर वजन १० टक्के वाढते, आकारमान जेमतेम ५ टक्के. पाइप मीटरवर विकायचा असेल तर बचत आकारमानावरूनच काढावी.

भुकटीने माल ताठ होतो, पण ताणबल आणि तुटेपर्यंतची लांबण घटते. आघात सोसण्याची ताकद कणांवर ठरते. एक मायक्रॉनच्या आसपासची, स्टिअरिक आम्लाचा सुमारे १ टक्का लेप असलेली भुकटी नीट पसरली तर ही ताकद बरीचशी टिकते. लेप नसेल तर गुठळ्या होतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. तुटलेल्या कडेवर भिंगाखाली खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. भुकटीत वाळूचा अंश असल्यास माल वितळवून ढकलणाऱ्या यंत्राचा स्क्रू आणि बॅरल (त्याभोवतीची नळी) झिजतात.

साधे सोयाबीन तेल पीव्हीसीत मुरत नाही. घामासारखे पृष्ठभागावर येते. त्याच्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन जोडून इपॉक्सी वलये केली की ते रेझिनशी जुळते. शिवाय माल तापताना सुटणारे हायड्रोजन क्लोराइड ही वलये धरून ठेवतात, त्यामुळे पिवळेपणा लांबतो. मऊ नळीत मुख्य प्लास्टिसायझरच्या (माल मऊ करणाऱ्या द्रवाच्या) जोडीला ३ ते ५ भाग पुरतात.

कडक पाइपात मात्र १–२ भागांपुढे जाऊ नये. तेलाने पीव्हीसी लवचीक होते हा समज इथे नडतो: थोडे तेल पीव्हीसीच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची बारीक हालचाल अडवते आणि माल उलट ठिसूळ होतो. मऊ पडण्याचे तापमानही उतरते.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा. हॉट मिक्सरमध्ये आधी रेझिन आणि स्टॅबिलायझर (उष्णतेने माल बिघडू न देणारा घटक), रेझिन गरम झाल्यावर तेल, ते मुरल्यावर भुकटी. भुकटी आधी पडली तर तेल तीच पिते. ११०–१२० अंश सेल्सियसला मिश्रण कूलिंग मिक्सरमध्ये सोडून ४५ अंशांपर्यंत थंड करतात. गरम मिश्रण तसेच पोत्यात भरले तर वाफ आत धरते, गोळे बांधतात आणि पाइपच्या भिंतीत बुडबुडे येतात.