लायसन नाकारलं? आधी कागद मागा

(आडते, खरेदीदार व भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांसाठी)

“धंदा करायचा हक्क घटनेनंच दिलाय, मग बाजार समितीचं लायसन कशाला?” हा प्रश्न दर हंगामात आमच्या सल्ल्याच्या टेबलावर येतो. उत्तर फारसं आवडत नाही, तरी सांगतो.

घटनेचा अनुच्छेद १९ धंद्याची मुभा देतो, पण त्याचाच खंड ६ जनहितासाठी वाजवी निर्बंध घालू देतो. ‘बाजार व जत्रा’ हा विषयही राज्यांच्या यादीत आहे. शेतकरी मापात आणि भावात नाडला जाऊ नये म्हणून केलेला मद्रासचा १९३३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये वैध ठरवला. बाजार समित्यांचा आपला महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा त्याच धाटणीचा. तेव्हा ‘लायसनच रद्द करा’ म्हणून कोर्टात जाणं म्हणजे वकिलाची फी वाया.

मात्र लायसन देण्याघेण्यात मनमानी चालत नाही. उत्तर प्रदेशातल्या कैराना नगरपालिकेनं भाजीच्या घाऊक धंद्याचा मक्ता एकाच माणसाला दिला. बाकीच्यांना परवानगीची सक्ती होती, पण ती देण्याची तरतूदच उपविधीत (नगरपालिकेच्या स्वतःच्या नियमांत) नव्हती! जुन्या व्यापाऱ्यावर खटलाही भरला. हा वाजवी निर्बंध नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५० मध्ये सांगितलं. शेजारच्या जलालाबादेत व्यापारी स्वतःच्या दुकानात माल विकत, तरी तिथल्या नगर समितीनं (गावचा कारभार पाहणाऱ्या संस्थेनं) नेमलेला ठेकेदार फी मागे. कायद्यात फी होती ती समितीची जागा वापरण्याची. १९५२ मध्ये तीही वसुली बेकायदा ठरली.

आता तुमचं. “साहेब नाही म्हणाले” यावर आम्हाला काहीच करता येत नाही. अर्जाची पोच घ्या आणि नकार कारणासह लेखी मागा. लायसन निलंबित किंवा रद्द करण्याआधी बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, म्हणून नोटीस आली तर ती गल्ल्यात ठेवून विसरू नका. बाजार समितीच्या आदेशावर पणन संचालकांकडे (राज्याच्या शेतमाल-विक्री खात्याच्या प्रमुखांकडे) अपील होतं, पण त्याला मुदत आहे.

फळे-भाजीपालावाल्यांनी गाळा बाजार समितीच्या आवारात आहे की बाहेर, ते आधी सांगावं. २०१६ पासून आवाराबाहेरचा हा व्यवहार समितीच्या नियमनात येत नाही. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

येताना जुनं लायसन, सेसच्या (बाजार फीच्या) पावत्या, अर्जाची पोच आणि आलेली नोटीस पाकिटासकट आणा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का लागतो.