मामला ते करमाड : साथ रोखण्याच्या उपायांची पार्श्वभूमी

मुंबईत १८९६ साली गाठीचा प्लेग आला आणि पुढच्याच फेब्रुवारीत इंग्रजांनी जेमतेम चार कलमांचा साथरोग कायदा केला. प्रवाशांची तपासणी करणं, संशयितांना वेगळं ठेवणं असे अधिकार त्यातून मिळाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे जुन्या 'ब' वर्ग राज्यांचे, म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या संस्थानांचे, प्रदेश केंद्रीय कायद्याच्या मजकुरातून वगळलेले राहिले. हैदराबाद त्यांतलंच. ही ओळ खोडली गेली थेट २०२० च्या दुरुस्तीत.

संविधानानुसार सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे आहे. साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत येतं. त्यामुळे केंद्राचं लक्ष आधी वाहतुकीवर जातं. पण साथ सापडते गावात, आणि याचा धडा बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने दिला होता.

ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे घराघरांत पिसवा झाल्या, उंदीर मरू लागले आणि मग माणसांना गाठी आल्या. १९६६ नंतर देशात प्लेगची नोंद नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहिले, बंद घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला, लाखो लोक शहर सोडून पळाले आणि आखाती देशांनी विमानसेवा थांबवली. जगाला सुरत लक्षात राहिली. माझ्या मते मामला जास्त महत्त्वाचं आहे, कारण मेलेला उंदीर ही पहिली बातमी असते आणि ती वर पोचवायला माणूस लागतो. हीच उणीव भरून काढायला २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला.

कोविडच्या वेळी मात्र सगळा भर पुन्हा हालचाल थांबवण्यावर आला. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री, आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली देश बंद झाला. बीडचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या तळांवरच अडकले. त्यांना गावी परतायची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उलटला. श्रमिक रेल्वे १ मेला सुरू झाल्या. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले ते मजूर जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते, गावी नेणारी गाडी धरायला.