माडाच्या व्हिनेगरचा आंबटपणा: किती आणि कसा

म्हापशाच्या बाजारात माडाच्या सुरीपासून, म्हणजे आंबलेल्या माडीपासून, केलेलं व्हिनेगर मिळतं. सोरपोतेल असो की विंदालू, त्याच्याशिवाय चव येत नाही. घरगुती बाटलीवर आंबटपणाचा आकडा मात्र नसतो. जिभेवर ठेवून आपण ‘कडक आहे’ म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: पाण्यात आम्ल किती आहे आणि ते आम्ल मुळात किती तीव्र आहे. पहिली गोष्ट म्हणजे संहती, दुसरी तीव्रता. टायट्रेशनमधून, म्हणजे आम्ल उदासीन करायला अल्कली किती लागते ते थेंबाथेंबाने मोजून, दोन्ही कळतात, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

आधी संहती. 10 मिली व्हिनेगर ऊर्ध्वपातित पाणी घालून 100 मिली करायचं. मुरलेलं व्हिनेगर तपकिरी असतं, पातळ केलं नाही तर रंगबदल दिसतच नाही. त्यातले 10 मिली पिपेटने शंकुपात्रात घ्यायचे, फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, 0.1 मोलर (लिटरला 0.1 मोल) सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली सोडायची. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि पात्र फिरवताच नाहीसा होतो. शेवट जवळ आला की हा ठिपका रेंगाळायला लागतो. इथून पुढे घाई नको. ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब पात्राच्या कडेला टेकवून पाण्याने आत ढकलायचा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. गडद राणी रंग आला तर थेंब जास्त झाले, पुन्हा सुरुवात करायची.

समजा 8 मिली लागले. पात्रात मूळ व्हिनेगर 1 मिलीच होतं, म्हणजे त्यात 0.8 मिलिमोल आम्ल. ॲसेटिक आम्लाचं रेणुवस्तुमान 60, म्हणून 48 मिलिग्रॅम; अर्थात 100 मिलीला 4.8 ग्रॅम. भारतातल्या अन्नमानकांनुसार हे प्रमाण किमान 3.75 टक्के हवं, तेव्हा हे व्हिनेगर पास!

पण हा हिशेब हायड्रॉक्साइडच्या 0.1 या आकड्यावर उभा आहे, आणि गोव्यातल्या पावसाळ्यात तोच दगा देतो. वजन करता करता त्याच्या गोळ्या काचेवर ओल्या होतात. हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या ओढून घेतात. म्हणून वजनावर विसंबायचं नाही. ऑक्झॅलिक आम्लाचं अचूक द्रावण करून आधी त्याच्याशी टायट्रेशन करायचं. अकरावीचं हे प्रात्यक्षिक मुलं वहीत आकडे भरण्यापुरतं उरकतात, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या प्रत्येक आकड्याचा भरवसा तिथेच ठरतो.

व्हिनेगर मोजायची ही धडपड जुनी आहे. 1729 मध्ये फ्रान्सच्या क्लोद जोझेफ जॉफ्रुआने व्हिनेगरमध्ये पोटॅशियम कार्बोनेट घालत फसफसणं कधी थांबतं ते पाहिलं होतं. फिनॉल्फ्थॅलिन आलं त्यानंतर खूप उशिरा, 1871 मध्ये, बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हातून.

आता तीव्रता. याच व्हिनेगरइतक्या, म्हणजे 0.8 मोलर, संहतीचं हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तरी 8 मिलीच लागतील! व्हिनेगरचा पीएच (जितका कमी, तितके द्रावणात मोकळे हायड्रोजन आयन जास्त) 2.4च्या आसपास, हायड्रोक्लोरिकचा जवळपास शून्य, तरीही. ॲसेटिक आम्लाच्या दर 200 रेणूंपैकी जेमतेम एक रेणू हायड्रोजन आयन सोडून बसलेला असतो. अल्कलीने तो आयन टिपला की दुसरा रेणू फुटतो, मग तिसरा. शेवटी सगळ्यांचा हिशेब होतो. त्यामुळे शेवटचा आकडा तीव्रतेबद्दल गप्प असतो.

ती दिसते अर्ध्या वाटेवर. पात्रात पीएच मीटरची कांडी ठेवा आणि 4 मिली झाल्यावर वाचा: 4.76च्या जवळपास. निम्मं आम्ल उदासीन झालेलं असताना येणारा हा पीएच म्हणजेच त्या आम्लाचा पीकेए, त्याच्या तीव्रतेचं माप. व्हिनेगर पातळ असो वा दाट, हा आकडा फारसा हलत नाही. लॅक्टिक आम्लाचा तो 3.86 आहे; आकडा कमी, म्हणजे आम्ल जास्त तीव्र.

घरच्या व्हिनेगरमध्ये 2 टक्केच आम्ल निघालं, तर बहुधा सुरीतलं अल्कोहोल अजून पुरतं बदललेलं नाही. ते काम करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. भांड्याचं तोंड रुंद ठेवून वर कापड बांधावं आणि काही दिवसांनी पुन्हा मोजावं.