वृद्ध कुत्र्याची सांधेदुखी आणि मेडिकलमधून आणलेली गोळी
आमच्या दवाखान्यात येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाची झड लागली किंवा डिसेंबरात बेळगावची थंडी वाढली की वयस्क कुत्र्यांचे मालक आमच्याकडे जवळजवळ एकच तक्रार घेऊन येतात. कुत्रा सकाळी उठताना अवघडतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो, फिरायला नेले की मागे रेंगाळतो आणि थोडे चालल्यावर पुन्हा मोकळा होतो. हे वयोमानाने झालेल्या सांध्यांच्या झिजेचे लक्षण असू शकते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून हे पत्रक मुख्यतः ज्या एका गोष्टीमुळे आपला वेळ वाया जातो आणि कुत्र्याचा जीव धोक्यात येतो, तिच्याबद्दल लिहिले आहे. ती गोष्ट म्हणजे दवाखान्यात येण्यापूर्वी घरीच दिलेली माणसांची वेदनाशामक गोळी.

असे करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना गुडघेदुखीसाठी दिलेली पट्टी हाताशी असते, रात्री कुत्रा कण्हत असतो आणि कोणीतरी अर्धी गोळी भाकरीत घालून देतो. दुसऱ्या दिवशी खानापूर किंवा निपाणीहून गाडी करून मंडळी येतात, कुत्र्याची तपासणी होते आणि मग गोळीचा विषय निघतो. अशा वेळी आम्हाला आमची वेदनाशामक औषधे लगेच सुरू करता येत नाहीत. या गटातली दोन औषधे एकापाठोपाठ एक पोटात गेली तर जठराला व्रण पडण्याचा आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो, त्यामुळे मध्ये साधारणतः पाच ते सात दिवसांचे अंतर ठेवावे लागते. स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर त्याहून अधिक थांबावे लागू शकते. म्हणजे आपला हेलपाटा होतो आणि कुत्र्याचे दुखणे आठवडाभर लांबते.

‘अर्ध्या गोळीने काय होणार?’ असे आम्हाला नेहमी विचारले जाते, म्हणून एक हिशेब येथे देत आहोत. मेलॉक्सिकॅम हे औषध आम्हीही वापरतो. कुत्र्याला रोज चालू ठेवण्याची त्याची मात्रा वजनाच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम असते, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 1 मिलिग्रॅम. माणसांसाठीच्या गोळ्या 7.5 आणि 15 मिलिग्रॅमच्या असतात. मोठ्या गोळीची अर्धी दिली तरी अशा कुत्र्याच्या पोटात सात दिवसांहून अधिक काळाची मात्रा एकदम जाते. (हे गणित घरी गोळी वाटून देण्यासाठी सांगितलेले नाही.) आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक तर कुत्र्यांना याहूनही घातक ठरतात. औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेल्यामुळे 2006 पासून आपल्या देशात जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यास बंदी आहे, आणि 2023 मध्ये ॲसिक्लोफिनॅक व केटोप्रोफेन यांच्यावरही ती आली. तरीही पॅरासिटामॉलबरोबर एकत्र केलेल्या ॲसिक्लोफिनॅकच्या गोळ्या आमच्या टेबलावर ठेवल्या जातात, त्या याच घरच्या डब्यातून आलेल्या असतात. खुद्द पॅरासिटामॉलही जास्त झाल्यास कुत्र्याचे यकृत आणि रक्त बिघडवते.

बामाचेही तेच. बाम लावलेला कुत्रा दारातून आत येताच वास येतो, त्यामुळे ते लपत नाही. कुत्रा लावलेली जागा चाटतो आणि बामातले मिथाइल सॅलिसिलेट हे वेदनाशामक द्रव्य पोटात जाते. शेकच द्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळावी, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये.

तेव्हा आपणांस विनंती आहे की काही दिले असेल तर संकोच न करता सांगावे आणि रिकामी पट्टी सोबत आणावी. आम्ही कोणाला रागावत नाही. गोळी मुलाने किंवा शेजाऱ्यांनी दिली असण्याचीही शक्यता असते, म्हणून निघण्यापूर्वी घरात सर्वांना एकदा विचारून घ्यावे. गोळी दिल्यानंतर उलटी झाली, खाणे बंद झाले किंवा शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, तर आधी वेळ न ठरवता थेट यावे.

तपासणीपूर्वी आम्ही रक्त का काढतो आणि त्याचे पैसे का घेतो, यावर काही ग्राहक नाराज होतात. लंगडणारा प्रत्येक म्हातारा कुत्रा झिजेनेच लंगडतो असे नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे सुजतात आणि दुखतात, आणि त्यात प्लेटलेट्स घटलेल्या असतात. अशा वेळी वेदनाशामक दिले तर रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय वयस्क कुत्र्याची मूत्रपिंडे आणि यकृत आधीपासून कमजोर असू शकतात, ते बाहेरून दिसत नाही. मोबाइलवर पाठवलेला चालण्याचा व्हिडिओ आम्ही आनंदाने पाहतो आणि त्याचा उपयोगही होतो, पण केवळ त्यावरून आम्ही गोळी देत नाही. दुसरीकडे मिळते, हे आम्हाला माहीत आहे.

कुत्रा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नसेल, हा समज सोडावा. उठताना पुढच्या पायांवर भार देऊन तो शरीर ओढतो, मागचे पाय फरशीवर घसरतात, नखे खरखरतात, आणि मग तो तसाच क्षणभर उभा राहतो. एवढे दिसले तरी पुरे आहे.

औषधाइतकाच गुण वजन कमी करण्याने येतो, आणि त्याला गोळी लागत नाही. अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालेले कुत्रे सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. आपल्याकडे जेवणाच्या ताटलीपेक्षा चहात बुडवलेली बिस्किटे, दुधाची साय आणि प्रत्येकाच्या हातून गेलेला भाकरीचा तुकडा, यांनीच वजन वाढते. मुधोळ जातीच्या कुत्र्याला सहसा लठ्ठपणा नसतो, पण त्याच्या अंगावर मांस कमी असल्याने कोपरांखाली जाड वाकळ हवीच. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा टाइल्सवर घसरण्याची भीती असते, त्या फरशीवर कुत्र्याच्या येण्याजाण्याच्या वाटेपुरती न सरकणारी चटई टाकावी. आमच्याकडे रबरी चटया आहेत, घरची सतरंजी सरकणार नाही अशी बसवली तरी चालेल. नखे वाढली असतील तर कापून घ्यावीत. फिरणे बंद करू नये. एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या कराव्यात, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर पळवणे टाळावे.

माशांच्या तेलाचा काहींना उपयोग होतो. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामीन या पूरकाबद्दल आमचा उत्साह बेताचाच आहे, पण मागितल्यास आम्ही देतो.

तपासणीसाठी येताना जुन्या नोंदी आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणाव्यात. नुसते वजन पाहायचे असेल तर दाराजवळच्या काट्यावर कधीही पाहता येते. त्यासाठी रांगेत थांबावे लागत नाही आणि पैसेही घेतले जात नाहीत.