सामाजिक नवोपक्रम साधनसंच

सामाजिक प्रश्नावर सुचलेली कल्पना तपासून, आखून कामापर्यंत नेण्यासाठी वापरले जाणारे तक्ते, प्रश्नावल्या आणि गटाने करायच्या कृती यांचा संच. बोलताना सर्रास ‘टूलकिट’ म्हणतात. २०२१ च्या शेतकरी आंदोलनात या शब्दाला भारतात राजकीय रंग चढला. त्याचा इथे संबंध नाही.

संचांतली बरीच साधने संचांपेक्षा जुनी आहेत. उद्दिष्टे, निर्देशक आणि गृहीतके चौकटींत मांडणारा ‘लॉगफ्रेम’ १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी तयार झाला. निधीचा प्रस्ताव लिहिणाऱ्या संस्थांची त्याच्यापासून अजून सुटका नाही. सगळे एकत्र बांधून फुकट वाटण्याची रीत अलीकडची. २००९ मध्ये आयडिओ या डिझाइन कंपनीने गेट्स फाउंडेशनच्या मदतीने मानवकेंद्री डिझाइनचा, म्हणजे वापरणाऱ्या माणसांपासून सुरुवात करून रचना करण्याचा, संच काढला. ऐकणे, घडवणे, पोहोचवणे हे त्याचे टप्पे. २०१४ मध्ये ब्रिटनच्या नेस्टा या नवोपक्रमांना बळ देणाऱ्या संस्थेने ३० साधनांचा ‘डीआयवाय (स्वतः करा) टूलकिट’ आणला. तो रचण्यात क्विकसँड या भारतीय डिझाइन संस्थेचाही हात होता.

सुरुवात बहुधा ‘समस्यावृक्षा’ने, म्हणजे झाडाच्या चित्रावर प्रश्न मांडून, होते. समजा, खोडावर लिहिले : मुली आठवीनंतर शाळा सोडतात. मुळांशी कारणे येतात : पुढची शाळा दुसऱ्या गावात, एसटीची वेळ जुळत नाही, शाळेत स्वच्छतागृह नाही, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नाही. फांद्यांवर परिणाम. मग कोणीतरी म्हणते, सायकली देऊ. इथे ‘बदलाचा सिद्धांत’ कामी येतो : सायकल दिल्यापासून मुलगी दहावी होईपर्यंतची साखळी लिहायची आणि प्रत्येक कडीखाली आपण काय धरून चाललो आहोत ते नोंदवायचे. सायकल भाऊ पळवणार नाही, हे असेच एक गृहीतक. अख्ख्या संचात खरे मोल या रकान्याचे, आणि घाईत कोरा राहतो तोही हाच.

तो कोरा राहिला तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चे. मुलांनी चक्रावर खेळायचे आणि त्या फिरण्याने पाणी उपसून टाकीत चढायचे, अशी ही मोहक कल्पना. २००६ मध्ये तिच्यासाठी अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चालू हातपंप काढून हे चक्र बसवले गेले आणि ते फिरवत राहिल्या बायका. ठरवलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचे तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावे लागेल, असा हिशोब २००९ मध्ये एका ब्रिटिश दैनिकात आला.

महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामांमुळे गावांना यातली एक पद्धत आधीपासून ठाऊक आहे : लोकसहभागीय ग्रामीण समीक्षा, म्हणजेच पीआरए. शिवारफेरी काढून नाले, विहिरी, पडीक जमीन पाहायची आणि मग चावडीपुढे किंवा देवळाच्या आवारात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा. संचातल्या छापील कॅनव्हासपेक्षा, म्हणजे भरायच्या रकान्यांच्या मोठ्या तक्त्यापेक्षा, तो सरस ठरतो, कारण चुकलेली रेघ कोणीही पायाने पुसून नवी काढते. पुढे तोच नकाशा कार्डशीटवर उतरवायची वेळ आली, की स्केचपेन बहुतेकदा शिक्षकाच्या नाहीतर ग्रामसेवकाच्या हातात जाते, आणि रेघा दुरुस्त करणाऱ्या बायका मागे सरकतात.